पुस्तकातला दिवा आणि थळची आजी

पत्र :

ताई, नमस्कार. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. वाढदिवसाला मामाने त्याला दीपगृहावरचं एक चित्रांचं पुस्तक दिलं. इंग्रजी आहे, सगळं यमकात. गेले दोन महिने रोज रात्री तेच पुस्तक, दुसरं हातात घेतलं की भोकाड पसरतो. मी एक ओळ वाचते, तिचं मराठी सांगते, मग पुढची ओळ. पण हल्ली तो मध्येच म्हणतो, “आई, बोलू नको, वाच.” वादळाचं पान आलं की स्वतःच पुस्तक मिटतो, “दिवा विझला का?” विचारतो आणि माझ्या कुशीत डोकं खुपसतो. तरी दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक हवं असतं! माझ्या सासूबाई अलिबागजवळच्या थळच्या. त्या म्हणतात, “आम्ही अंगणातून रोज खांदेरी बेटावरची दांडी (म्हणजे दीपगृह) बघितली, त्याला पुस्तक कशाला लागतं?” पुस्तक निघालं की त्या उठून आत जातात. यांचं म्हणणं, इंग्रजीच वाच, शाळेत उपयोग होईल. अर्थ न सांगता वाचलं तर ती पोपटपंची नाही का होणार? आणि ज्याने दीपगृह कधी पाहिलंच नाही, त्याला ते कळणार तरी कसं?

– एक आई, प्रभादेवी

उत्तर :

तुमच्या घरात या पुस्तकाबद्दल चार मतं आहेत आणि मी सरळ सर्वांत धाकट्याच्या बाजूने आहे. “बोलू नको, वाच” असं तो म्हणतो, तेव्हा तो हट्ट करत नसतो. त्याला एक ठेका सापडलाय आणि तुम्ही दर ओळीला तो तोडताय, एवढंच त्याचं म्हणणं आहे.

गणपतीतली आरती आठवा. तुमच्या इमारतीतली तीन-चार वर्षांची पोरं पुढे उभी राहून टाळ्या वाजवत आरती म्हणतात. निम्मे शब्द चुकीचे, उरलेल्यांचा अर्थ ठाऊक नाही, पण ताल चुकत नाही. शेवटची ओळ कधी येणार, आवाज कुठे चढवायचा, सगळं बरोबर माहीत. आपणही तशीच शिकलो. आरतीच्या दर कडव्याला थांबून कोणी आपल्याला अर्थ समजावला नाही. समजावला असता, तर आपण प्रसादाकडे पळालो असतो. अर्थ पुढे कधीतरी, आठवी-नववीत किंवा त्याहूनही उशिरा, एखाद्या संध्याकाळी अचानक उलगडला. आणि तो उलगडला, कारण शब्द आधीच तोंडात बसलेले होते.

यमकाचं पुस्तक लहान मुलाच्या हातात द्यायचं ते यासाठीच. मुलाला आधी आवाज कळतो. दोन शब्द शेवटाला सारखे वाजतात, हे त्याच्या कानाला समजलं, की शब्द म्हणजे तुकड्यांनी बनलेली वस्तू आहे, हेही त्याच्या लक्षात यायला लागतं. पुढे अक्षरओळख होते तेव्हा हाच कान कामाला येतो. म्हणून रात्रीचं पहिलं वाचन अखंड करा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मध्ये एकही मराठी वाक्य नाही, एकही ‘कळलं का?’ नाही. हवं तर त्याच्या पाठीवर हलकी थाप देत ठेका धरा. आणि दोन महिने झालेच आहेत, तर आता एक करून बघा : दुसऱ्या ओळीचा शेवटचा शब्द तोंडात आला की तिथे थांबा. नुसतं थांबा, विचारू नका. तो शब्द तोच म्हणेल. ही पोपटपंची नाही. आधीच्या ओळीचा आवाज, चित्र आणि गोष्ट या तिन्हींचा मेळ घालून तो त्या शब्दापर्यंत पोचलेला असतो.

माझ्या मुलीच्या बाबतीत मी नेमकी तुमच्यासारखीच वाचत होते. एका पुस्तकात जहाज होतं, मी डोलकाठी म्हणजे काय, शीड म्हणजे काय, सगळं सांगत बसले. तिने ते पुस्तक एके दिवशी कपाटामागे टाकलं आणि पुन्हा मागितलं नाही. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण ते पुस्तक छान होतं.

मग अर्थाचं काय? अर्थाला वेगळी वेळ द्या, आणि ती रात्रीचीच हवी असं नाही. दुपारी दूध पिताना पुस्तक उघडून ठेवा आणि वाचूच नका. फक्त चित्रं, फक्त मराठी. “हे काय आहे?” असं विचारलं की परीक्षा होते, मुलं गप्प होतात. त्यापेक्षा तुम्ही स्वतःच नवल करा : “एवढ्या पायऱ्या चढून त्या माणसाच्या पायात गोळे येत असतील, नाही?” किंवा, “याचा भाजीवाला कुठून येत असेल?” तुमच्या साहेबांना सांगा, शाळेची काळजी त्यांनी करू नये. खडक, लाट, वादळ, किनारा या गोष्टी मुलाने मराठीत नीट ओळखल्या, की इंग्रजीत त्याला फक्त एक नवा शब्द लागतो, वस्तू पुन्हा शिकावी लागत नाही. आणि शाळेच्या उपयोगासाठी वाचायला लागलो, की मुलाला त्याचा वास येतोच.

आता वादळाचं पान. ते गाळू नका, पटकन उलटूही नका. पुस्तक मिटण्याचा हक्क त्याच्याकडे आहे, तो त्याच्याकडेच राहू द्या. भीतीचं पान आपल्या हाताने उघडता येतं आणि आपल्याच हाताने मिटता येतं, हे तो रोज करून बघतोय. म्हणून तर पुस्तक पुन्हा मागतो. कुशीत डोकं खुपसलं की थोपटा. “यात घाबरण्यासारखं काय आहे?” असं मात्र म्हणू नका.

पण त्याच्या प्रश्नाला उत्तर हवं. “दिवा विझला का?” मला तर अख्ख्या पत्रात हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटला, कारण त्याचं खरं उत्तर फार सुंदर आहे. बऱ्याच दीपगृहांतला दिवा लुकलुकत नाही. तो सतत पेटलेलाच असतो. त्याच्याभोवतीची भिंगं गोल फिरतात, प्रकाशाचा झोत त्यांच्याबरोबर फिरतो, आणि तो आपल्या अंगावरून गेला की आपल्याला चमक दिसते. मध्ये अंधार झाला म्हणजे दिवा विझला असं नाही, तो त्या वेळी दुसऱ्या कोणाकडे बघत असतो.

हे घरी करून दाखवता येतं. रात्री खोलीतले दिवे घालवा. एक बॅटरी घ्या, मोबाइलची नको, तिचा झोत पसरतो. झोत बांधलेला राहील अशी साधी हातबॅटरी घ्या. खोलीच्या मध्ये उभ्या राहा, बॅटरी छातीशी धरून स्वतःभोवती सावकाश फिरा. मुलाला कोपऱ्यात आजीच्या मांडीवर बसवा. त्याच्या डोळ्यांसमोर प्रकाश येईल, जाईल, पुन्हा येईल. मग त्याला तुमच्या जागी उभं करा आणि फिरायला सांगा. आपण बटण बंद केलंच नाही, तरी कोपऱ्यातल्या आजीला अंधार झाला, हे त्याला त्याच्याच हातून कळू द्या. पुढच्या वेळी वादळाच्या पानावर तो काय म्हणतो, ते ऐका.

थोडं मोठ्या माणसांसाठी : जुन्या काळी समुद्रात दूरवर प्रकाश फेकायचा, तर एकच भलंमोठं जाड भिंग लागलं असतं, आणि ते वजनाने पेललंच नसतं. १८२०च्या दशकात फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने भिंगाची जाडी काढून टाकली आणि त्याच्या कडा तेवढ्या वर्तुळांत, पायऱ्या पायऱ्यांनी मांडल्या. काच कमी, काम तेच. मनोऱ्याच्या उंचीचंही असंच साधं कारण आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे खाली ठेवलेला दिवा लांबच्या नाखव्याला दिसणार नाही, समुद्राचा फुगवटा आड येईल. चाळीस मीटरवरून क्षितिज साधारण बावीस-तेवीस किलोमीटरवर असतं. मुलाला हे मोसंब्यावर मुंगी ठेवून समजावता येईल. न समजलं तरी मोसंबं खाता येईल.

आणखी एक गोष्ट मात्र त्याला आत्ताच सांगा, कारण ती या वयाला फार आवडते. प्रत्येक दीपगृहाची चमकायची खूण वेगळी असते. कोणी ठरावीक सेकंदांनी एकदा चमकतं, कोणी लागोपाठ दोनदा चमकून थांबतं, कोणी तीनदा. खलाशी अंधारात ते मोजतो आणि आपल्याजवळच्या यादीवरून ओळखतो, की ही अमुक दांडी, म्हणजे आपण अमुक ठिकाणी आहोत. दिवसा प्रकाश उपयोगाचा नसतो, म्हणून मनोरेही वेगवेगळे रंगवतात. बॅटरीचा खेळ जमला, की घरातल्या प्रत्येकाची खूण ठरवा. आईची एक लांब, बाबांच्या दोन छोट्या, आजीची एक लांब-एक छोटी. वीज गेली किंवा तुम्ही मुद्दाम अंधार केला, की दाराशी कोण आलं ते त्याने खुणेवरून ओळखायचं. स्वतःची खूण त्याची त्याने ठरवू द्या. ती बहुतेक खूप लांब असेल आणि रोज बदलेल.

आता मी तुमच्या सासूबाईंकडे येते. पत्रात तुम्ही त्यांच्याबद्दल दोन-तीनच वाक्यं लिहिली आहेत, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते त्यांच्याबद्दलच. दीपगृह कधी पाहिलंच नाही, मुलाला कळणार कसं, असं तुम्ही मला विचारता. अहो, ज्या बाईने लहानपणी रोज संध्याकाळी समुद्रातला दिवा लागताना बघितला, ती तुमच्या स्वयंपाकघरात बसली आहे! पुस्तक निघालं की त्या उठून जातात, याचं कारण पुस्तकाचा राग आहे असं मला वाटत नाही. ज्या गोष्टीबद्दल घरात सर्वांत जास्त त्यांना ठाऊक आहे, तीच गोष्ट त्यांना न येणाऱ्या भाषेत वाचली जाते, आणि त्यांना कोणी काही विचारत नाही. कोणीही उठून जाईल.

त्यांनी वापरलेला शब्द बघा : दांडी. मुंबईच्या जुन्या मराठीत दीपगृहाला दांडीच म्हणत, कुलाब्याची दांडी हा शब्द जुनी माणसं सहज वापरत. आपण शाळेत शिकलो तो दीपस्तंभ. तो बहुतेक थोर माणसांवरच्या भाषणांत भेटतो, त्याला पायऱ्या नसतात आणि त्यावर मीठही चढत नाही. तुमच्या मुलाला आजीचा शब्द मिळू द्या.

खांदेरीही काही साधी जागा नाही. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी आपल्या आरमारातल्या मायनाक भंडारींना पाठवून या बेटावर किल्ला बांधायला घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांनी आरमार आणून अडवलं, तरी काम थांबलं नाही. तिथली आजची दांडी १८६७ची. १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे बेट असं नाव दिलं, आणि २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत खांदेरी आहे. बेटावर वेताळाचं देऊळ आहे, त्याला कोळी लोक मानतात. आणि एक दगड असा आहे, की त्यावर छोट्या दगडाने ठोकलं तर धातूच्या भांड्यासारखा वाजतो. मुलाला सनावळीशी देणंघेणं नाही, पण वाजणारा दगड मात्र त्याला हवाच असणार.

तेव्हा दुपारचं चित्रवाचन तुम्ही करूच नका. ते आजीकडे द्या. तुम्ही त्यांना जाऊन “याला जरा समजावून सांगा” असं म्हणू नका, ते काम सोपवल्यासारखं होतं. पुस्तक मुलाच्या हातात द्या आणि त्यालाच पाठवा : “आजीला विचार, तिच्या दांडीवर असाच माणूस होता का?” आजीला एक ओळही वाचता आली नाही तरी बिघडत नाही. चित्रातली होडी बघून त्या सांगतील, की अशी नाही, आमच्याकडे वेगळी असायची. पावसात समुद्र कसा वाजायचा, होडीला उशीर झाला की घरातली बाई दारात किती वेळ उभी राहायची, हे पुस्तकात नाही, त्यांच्याकडे असेल. तुम्ही शेजारी भाजी निवडत बसा आणि ऐका. जमलं तर लिहून ठेवा.

या ऐकण्यातून एक मराठी यमक तयार करता येईल. घाबरू नका, कविता करायची नाहीये, चार ओळी पुरतात. एक युक्ती सांगते. मराठीत यमक जुळवायला क्रियापदं फार सोपी पडतात, आला-गेला, आली-गेली, बसली-हसली. पण अशी ओळ ऐकून मुलाच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. ज्याचं चित्र दिसतं असा शब्द शेवटाला आणा. लाट, वाट, पहाट. होडी, गोडी, जोडी. उदाहरणादाखल माझ्या चार ओळी :

काळी काळी रात,
वारा आला गात,
दांडीवरच्या दिव्याने
दिला पुढे हात.

तुमचा मुलगा शेवटची ओळ बदलेल. ‘दिव्याने खाल्ला दहीभात’ असं काहीतरी करेल आणि हसून लोळेल. त्याला करू द्या. रात, गात, हात यांच्या रांगेत भात बसतो, हे त्याने स्वतः शोधून काढलंय. तुमच्या रात्रीच्या अखंड वाचनाचंच हे फळ.

आणि हो, दीपगृह तुमच्या मुलाने पाहिलेलं नाही, पण ते लांब कुठे आहे असंही नाही. कुलाब्याच्या दक्षिण टोकाला समुद्रात काट्यांसारखे खडक गेलेत, त्यांवर प्राँग्जचं दीपगृह उभं आहे. १८७५ साली थॉमस ऑर्मिस्टन या अभियंत्याने बांधलेलं, सुमारे चाळीस मीटर उंच. म्हणजे बारा-तेरा मजली इमारत पाण्यात उभी केल्यासारखी. ते नौदलाच्या हद्दीपलीकडे आहे, उठून मुलाला घेऊन जाता येणार नाही. पण गेटवेहून मांडव्याच्या लाँचमध्ये बसलात, तर बंदरातच पाण्यात उभे असलेले छोटे मनोरे दिसतात, डॉल्फिन रॉक आणि सन्क रॉक. दुसऱ्याचा अर्थच बुडालेला खडक, आणि हे दोन शब्द तुमच्या मुलाला नक्की लक्षात राहतील. वाटेत तरंगते लाल-हिरवे बोये दिसतील. आपल्याकडे बंदरात शिरताना डाव्या हाताला लाल आणि उजव्या हाताला हिरवा, असा नियम आहे. परतीच्या लाँचमध्ये त्याला नाखवा करा आणि कोणत्या बाजूला काय दिसतंय, ते ओरडून सांगायला लावा.

तोपर्यंत संध्याकाळी चौपाटीवर जा. सी-लिंकच्या उंच खांबांच्या माथ्यावर लाल दिवे दिसतात. तो विचारेल, ही दांडी का? नाही म्हणा, पण नातेवाईक आहे म्हणा : ती बोटींना सांगते, हे विमानांना.

खरी सहल मात्र थळची करा. पावसाळ्यात गेटवेची लाँच बंद असते, त्यामुळे दिवाळीनंतरची थंडी बरी. मांडव्याहून अलिबागकडे जाताना थळ वाटेवरच आहे. त्या किनाऱ्यावरून खांदेरी आणि शेजारची उंदेरी, दोन्ही दिसतात. एक रात्र तिथे राहा, कारण दिवा बघायचा तर अंधार लागतो. सासूबाईंचं कोणी तिथे असेल तर उत्तमच. पुस्तक बरोबर घ्या, पण पिशवीतच ठेवा. सूर्य बुडाल्यावर वाळूवर बसा आणि त्या दिवशी पुढे सासूबाईंना बसवा, मुलाला त्यांच्याजवळ. दिवा लागला की मोठ्याने मोजा : एक, दोन, तीन... चमक आली की थांबा, पुन्हा एकपासून. दोन-तीन वेळा मोजलं, की खांदेरीची खूण तुमच्या मुलाला पाठ होईल. ती आजीला पन्नास वर्षांपूर्वी पाठ होती का आणि तेव्हाही अशीच होती का, हे त्याने त्यांनाच विचारावं.

घरी बॅटरीच्या खेळात कोणाची खूण काय ठरली, ते मला जरूर लिहा. आजीची खूण तुम्ही ठरवू नका, ती त्यांनाच ठरवू द्या.